परराज्यातल्या कोर्टाचा कागद दारात येतो तेव्हा: अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

सर्व महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणीतल्या ताई-दादांना सप्रेम नमस्कार.

मी न्यू जर्सीत राहते. गेली चौदा वर्षं एका छोट्या वकिली फर्ममध्ये पॅरालीगल, म्हणजे वकिलांची सहायक, म्हणून काम करते. मी वकील नाही, हे आधीच सांगते. या देशात वकील नसलेल्या माणसानं दुसऱ्याला त्याच्या प्रकरणात ‘तू असं कर, तसं कर’ असा सल्ला देणं कायद्याला मान्य नाही. त्यामुळे या पत्रात कुणाला सल्ला नाही. रोज ज्या कागदांमधून माझे हात फिरतात, त्या कागदांची ओळख आहे आणि तुमच्याकडे एक मागणं आहे.

निमित्त झालं एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं. मंडळाचं नाव सांगत नाही, कारण हे कुठल्याही मंडळात घडू शकलं असतं. ग्रुपवर एका दादांनी फोटो टाकला. घडी पडलेला कागद, वर ठळक अक्षरांत ‘सबपीना’, म्हणजे साक्षीला ये किंवा कागद दे असा हुकूम, खाली नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या वेक काउंटीच्या (इथला जिल्हा) कोर्टाचं नाव. दादा पूर्वी तिथल्या राले शहरात नोकरीला होते, पाच वर्षांपूर्वी इकडे आले. जुन्या कंपनीनं दुसऱ्याच एका माजी कर्मचाऱ्यावर दावा लावला होता आणि त्यात यांची साक्ष आणि यांच्याकडचे ईमेल हवे होते. दादांनी विचारलं, “मी न्यू जर्सीत, हा नॉर्थ कॅरोलायनाचा कागद मला कसा काय?”

अर्ध्या तासात तीस-चाळीस उत्तरं आली. स्कॅम आहे, फेकून द्या. त्यांचं कोर्ट इथे येऊन काही करू शकत नाही. पुन्हा कुणी आलं तर दारच उघडू नका. एकांनी लिहिलं, हातात घेतला नसेल तर मिळालाच नाही असं समजा. शेवटी एका ज्येष्ठ काकांनी ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण टाकली, तिला भराभर अंगठे मिळाले आणि विषय कोजागिरीच्या दुधाकडे वळला. दादांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

फोटोत जे नव्हतं ते मला तीन महिन्यांनी कळलं, ते आमच्या ऑफिसात आले तेव्हा. त्यांना मिळालेल्या गठ्ठ्यात पहिलं पान वेगळंच होतं. त्यावर न्यू जर्सीच्या सुपीरियर कोर्टाचं नाव होतं, काउंटी मिडलसेक्स, साक्षीची जागा एडिसनमधली. नॉर्थ कॅरोलायनाचा कागद त्याच्या मागे जोडलेला होता. दादांनी नेमकं मागचं पान ओळखीचं म्हणून पाहिलं, त्याचाच फोटो काढला, आणि आपण सगळ्यांनी त्या फोटोवर निकाल दिला. सोबत २ डॉलरचा चेक होता. एवढ्या क्षुल्लक रकमेचा चेक कोर्ट कशाला पाठवेल, म्हणून तो तर फसवणुकीचा पुरावाच वाटला. पण न्यू जर्सीत साक्षीदाराचा दिवसाचा भत्ता कायद्यानं खरोखरच २ डॉलर आहे आणि सबपीना बजावताना तो सोबत द्यावा लागतो.

तोपर्यंत साक्ष मागणाऱ्या पक्षाच्या वकिलांनी इथल्या न्यू ब्रन्सविकच्या कोर्टात अर्ज केला होता. न्यायाधीशांनी दादांना हजर राहायचा हुकूम दिला आणि त्या पक्षाला या अर्जासाठी झालेला वकिलीचा खर्चही दादांवर टाकला. स्वतःच्या वकिलाची फी वेगळी. प्रत्यक्ष साक्ष झाली ती व्हिडिओवर, अडीच तासांत. त्यांचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता, आणि हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात एका वकिलाकरवी कळवलं असतं तर कदाचित दोन फोनमध्ये तारीख आणि कागदांची यादी ठरून गेली असती. ते माझ्यासमोर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, “ग्रुपवर सगळ्यांनी सांगितलं हो.” ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. म्हणून हे पत्र वकिलांना नाही, तुम्हाला लिहिते आहे.

त्या म्हणीबद्दल मला आदर आहे. माझे वडील मिरजेच्या दिवाणी न्यायालयात नाझर होते. बेलिफांना समन्स वाटून देणं, बजावणीचे अहवाल गोळा करणं, साक्षीदारांचा भत्ता जमा झाला की नाही ते पाहणं, हे त्यांचं काम. बांधाच्या चार फुटांसाठी दोन पिढ्या कोर्टात गेलेली घरं त्यांनी पाहिली होती आणि ती म्हण ते स्वतः येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. पण ऐकवायचे ती दावा लावायला निघालेल्याला. साक्षीसमन्स निघालेल्या माणसाला त्यांनी ती कधी सांगितली नाही. त्याला ते म्हणायचे, “तारखेला या, खरं काय ते सांगा, भत्ता घेऊन जा.” साक्षीदारानं पायरी चढायची की नाही हा प्रश्न त्याच्या शहाणपणावर सोडलेलाच नसतो. इथेही नाही.

आपल्या लोकांचा गोंधळ कुठे होतो ते मला वडिलांच्या कामावरूनच समजतं. मिरजेहून अथणी, चिकोडी जवळच, पण राज्य दुसरं. तिकडच्या साक्षीदाराला समन्स काढायचं तर दिवाणी प्रक्रिया संहिता एकच, कलम २८ प्रमाणे इकडचं कोर्ट तिकडच्या कोर्टाकडे समन्स पाठवतं आणि तिकडचा बेलिफ ते बजावतो. भाषेचा प्रश्न आला तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडायचं. साक्षीदाराला किती लांबून बोलावता येतं याचीही मर्यादा तिथे लिहिलेली आहे: रेल्वे किंवा नियमित वाहतुकीची सोय असेल तर ५०० किलोमीटरच्या आत, आणि विमानाचं भाडं दिलं तर त्याहून लांबूनही. सगळा देश एका संहितेखाली. आपण ते मनात घेऊन इथे येतो. मग एकतर वाटतं की अमेरिकेतलं कुठलंही कोर्ट आपल्याला कुठूनही खेचू शकतं, नाहीतर कुणीतरी सांगतं की राज्य वेगळं म्हणजे कागद कचरा. दोन्ही चूक.

इथे प्रत्येक राज्याची कोर्टं स्वतंत्र, नियम स्वतंत्र. एका राज्याच्या कोर्टानं दिलेला अंतिम निकाल दुसऱ्या राज्याला राज्यघटनेनुसार मानावा लागतो, पण सबपीना हा निकाल नव्हे. साक्षीला ये किंवा कागद दे हा हुकूम राज्याच्या सीमेपाशी थांबतो. म्हणजे ग्रुपवरचे लोक अर्धं खरं बोलत होते: वेक काउंटीच्या कोर्टाचा नुसता कागद न्यू जर्सीतल्या माणसाला बांधत नाही. त्याला बळ मिळतं ते न्यू जर्सीच्या कोर्टानं त्यावर आपला सबपीना काढला की. मग तो परराज्यातला कागद राहत नाही. तो तुमच्याच राज्याच्या कोर्टाचा हुकूम होतो.

हे करायची पद्धत पूर्वी फार किचकट होती. मूळ कोर्टाकडून साक्ष घेण्याचं कमिशन (अधिकारपत्र) किंवा विनंतीपत्र घ्या, दुसऱ्या राज्यात स्थानिक वकील करा, तिथे स्वतंत्र अर्ज दाखल करा, न्यायाधीशांची तारीख मिळवा, मग सबपीना. १९२० पासून एकसारखा कायदा करण्याचे प्रयत्न झाले, १९६२ साली पुन्हा झाले, पण राज्यांनी ते तुकड्यातुकड्यानंच घेतले. शेवटी २००७ मध्ये राज्यांसाठी एकसारखे कायदे सुचवणाऱ्या युनिफॉर्म लॉ कमिशननं ‘युनिफॉर्म इंटरस्टेट डिपॉझिशन्स अँड डिस्कव्हरी अ‍ॅक्ट’ हा नमुना कायदा तयार केला आणि बहुतेक राज्यांनी तो थोड्याफार फरकानं स्वीकारला. कॅलिफोर्नियात तो २०१० च्या सुरुवातीला लागू झाला, न्यूयॉर्कमध्ये २०११ च्या. न्यू जर्सीनं तो कोर्टाच्या नियमांत घेतला. सगळीकडची वाट तंतोतंत सारखी नाही, पण गाभा एक आहे.

तो गाभा मी माझ्या टेबलावरून सांगते. अटलांटातल्या एखाद्या फर्मचा ईमेल येतो: आमच्या दाव्यातला एक साक्षीदार तुमच्याकडे पिस्कॅटवेला राहतो, हा आमचा सबपीना. मी न्यू जर्सीचा सबपीना तयार करते. मूळ सबपीनात जे मागितलं आहे तेच त्यात यावं लागतं, एक ओळ जास्त नाही. दाव्यातल्या सगळ्या वकिलांची नावं, पत्ते, फोन सोबत जोडावे लागतात, आणि कुणी वकिलाविना लढत असेल तर त्याचेही. हे मला या कायद्यातलं सगळ्यात सज्जन कलम वाटतं, कारण कागद हातात पडलेल्या अनोळखी साक्षीदाराला दोन्ही बाजूंना फोन करता आला पाहिजे, हा विचार त्यामागे आहे. मग तो कोर्टाच्या क्लर्ककडे जातो, किंवा न्यू जर्सीचा परवाना असलेला वकीलच तो काढतो. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातही स्थानिक वकिलाला तसा अधिकार आहे. न्यायाधीशासमोर जावं लागत नाही. त्यानंतर प्रोसेस सर्व्हर, म्हणजे कागद बजावणारा माणूस, निघतो.

प्रोसेस सर्व्हर म्हणजे पोलीस नव्हे, हेही सांगायला हवं. आमच्याकडे अठरा वर्षांवरचा कुणीही सबपीना बजावू शकतो. बहुतेक वेळा साध्या गाडीतून आलेला, साध्या कपड्यांतला, दिवसाला दहा-बारा दारं वाजवणारा माणूस असतो तो. त्याला दाव्यातलं काही माहीत नसतं. त्याच्याशी हुज्जत घालून काही मिळत नाही आणि त्याच्यापासून लपूनही नाही. समोर उभं राहून “घेत नाही” म्हटलं आणि त्यानं कागद पायाशी ठेवला, तर साधारणपणे कोर्टं बजावणी झाली असंच धरतात. दादांच्या बाबतीत तेच झालं होतं. सकाळी सात वाजता हे गाडीपाशी उभे असताना तो आला, यांनी हात मागे घेतले, त्यानं कागद बॉनेटवर ठेवला आणि वेळ लिहून घेतली.

आता उलट्या चुकीबद्दल, कारण ती मला पहिल्या चुकीइतकीच अस्वस्थ करते. पेनसिल्व्हेनियात एक मराठी दांपत्य दातांचा दवाखाना चालवतं. त्यांना फ्लोरिडातल्या एका वकिलाचा सबपीना आला, साध्या टपालानं. त्यावर फक्त फ्लोरिडाच्या कोर्टाचं नाव, पेनसिल्व्हेनियाचं कुठेच नाही. अमुक रुग्णाची संपूर्ण फाइल पाठवा. बाई घाबरल्या. कोर्टाचा शिक्का दिसला की आपल्या घरात जे होतं ते त्यांच्या घरात झालं. ग्रीन कार्डचा अर्ज चालू होता, कुठे नाव यायला नको, म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी फाइल पाठवून दिली. त्या कागदाला पेनसिल्व्हेनियात बळ नव्हतं. आणि बळ असतं तरी एवढ्यानं भागलं नसतं. न्यायाधीशाचा आदेश नसेल तर वैद्यकीय गोपनीयतेचा केंद्रीय कायदा, ज्याला आपण सगळे हिपा म्हणतो, दवाखान्याला आधी खात्री करायला लावतो की रुग्णाला नोटीस गेली आहे किंवा माहिती खटल्याबाहेर जाऊ नये म्हणून संरक्षणाचा आदेश मागितला आहे. रुग्णाला हे नंतर कळलं. वीस वर्षांपासूनचा रुग्ण, आपल्यातलाच, गणपतीला आरती एकत्र म्हणणारा. त्याचं आणि त्या दांपत्याचं आज बोलणं नाही.

म्हणजे एकानं खरा हुकूम फेकला आणि दुसरीनं बळ नसलेला कागद हुकूम मानला. दोघांनी जर पहिल्या पानाच्या वरच्या ओळीवर बोट ठेवून एक प्रश्न विचारला असता, हे कोर्ट माझ्या राज्याचं आहे का, तर पुढची वाट दोघांनाही दिसली असती. उत्तर ‘हो’ असेल तर वेळ न घालवता वकील. उत्तर ‘नाही’ असेल तरी वकीलच, पण कागद किंवा फाइल कुणाच्याही हातात देण्याआधी.

हा तांत्रिक खेळ आहे असं कुणाला वाटत असेल तर व्हर्जिनियातलं एक प्रकरण सांगते. अलेक्झांड्रियातल्या हदीद कार्पेट क्लीनिंग या गालिचे धुणाऱ्या व्यवसायाला येल्प या ग्राहकांचे अभिप्राय छापणाऱ्या संकेतस्थळावर काही निनावी लोकांनी वाईट अभिप्राय दिले. मालकाचं म्हणणं असं की हे आमचे ग्राहकच नाहीत, हे खोटं आहे. त्यानं व्हर्जिनियात दावा लावला आणि त्या निनावी लोकांची ओळख मागणारा सबपीना येल्पला बजावला. येल्प दाव्यात पक्षकार नव्हती, तिचं मुख्यालय आणि नोंदी कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोला. व्हर्जिनियात तिचा फक्त कागद स्वीकारणारा नोंदणीकृत प्रतिनिधी होता. येल्पनं नकार दिला. खालच्या कोर्टानं कंपनीला अवमानासाठी दोषी धरलं, २०१४ मध्ये अपील कोर्टानंही तेच कायम केलं. प्रकरण व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०१५ मध्ये तिथे ते उलटलं. न्यायालय म्हणालं, जो दाव्यात पक्षकार नाही आणि या राज्याचा रहिवासी नाही, त्याच्याकडून राज्याबाहेरचे कागद मागण्याचा अधिकार आमच्या कोर्टांना नाही. प्रतिनिधी इथे नेमला म्हणून कागद स्वीकारला जातो, अधिकार तयार होत नाही. हवे असतील तर कॅलिफोर्नियात जा, तिथला सबपीना काढा, तो २००७ चा नमुना कायदा त्यासाठीच आहे. मी हे प्रकरण आमच्या ऑफिसात नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात वाचायला देते, कारण त्यात दोन्ही गोष्टी आहेत: सीमेला किती किंमत आहे, आणि ती ओलांडायचं दार कुठे आहे. येल्पसारख्या कंपनीकडे तीन कोर्टांपर्यंत लढायला वकिलांची फौज असते. दातांच्या दवाखान्याकडे नसते.

साक्षीदाराला हक्क आहेत, आणि ते आपल्या लोकांना कुणी सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. हरकत घ्यायची असेल तर ती तुमच्याच राज्याच्या कोर्टात घेता येते, रालेला जावं लागत नाही. जास्तच मागितलं आहे, खासगी आहे, तारीख अशक्य आहे, आईचं ऑपरेशन आहे, यातलं काहीही न्यायाधीशासमोर मांडता येतं आणि नियम लागू होतात ते तुमच्या राज्याचे. न्यू जर्सीत डिपॉझिशनसाठी, म्हणजे खटल्याआधी शपथेवर घेतलेल्या साक्षीसाठी, इथल्या रहिवाशाला त्याच्या राहत्या किंवा कामाच्या काउंटीत बोलवावं लागतं, नाहीतर राज्यातच घर किंवा कामाच्या ठिकाणापासून २० मैलांच्या आत. कागद मागणारा सबपीना किमान १० दिवस आधी, आणि दाव्यातल्या सगळ्या पक्षांनाही त्याच वेळी द्यावा लागतो. कुणी तो रद्द करायचा अर्ज केला आणि तसं कळवलं, तर कोर्ट सांगेपर्यंत किंवा सगळे पक्ष मान्य करेपर्यंत कागद हातातून सोडायचे नाहीत, असं त्या सबपीनावर छापलेलंच असतं. कॅलिफोर्नियात एखाद्याच्या बँकेच्या, दवाखान्याच्या वा नोकरीच्या वैयक्तिक नोंदी मागायच्या तर त्या माणसाला आधी नोटीस द्यावी लागते, म्हणजे त्यालाही हरकत घेता येते. इंग्रजी कच्चं असेल तर दुभाषा मागावा. मुंबईत शिकलेली माणसंही शपथेवरच्या इंग्रजी प्रश्नांना अडखळतात, त्यात कमीपणा नाही.

आणि या नमुना कायद्याची हद्दही माहीत हवी. तो दिवाणी दाव्यातल्या सुनावणीपूर्वीच्या कामासाठी आहे: डिपॉझिशन, कागदपत्रं, जागेची पाहणी. प्रत्यक्ष खटल्याच्या दिवशी विमानानं दुसऱ्या राज्यात येऊन पिंजऱ्यात उभं राहा, असा हुकूम यातून निघत नाही. फौजदारी खटल्यातल्या साक्षीदारांसाठी १९३० च्या दशकापासून वेगळा कायदा आहे, तिथे न्यायाधीशासमोर सुनावणी होऊन मगच दुसऱ्या राज्यात पाठवतात. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टाचा सबपीना तिसरीच गोष्ट, तो डिसेंबर २०१३ पासून देशभर कुठेही बजावता येतो, पण साक्षीला साधारण १०० मैलांपलीकडे बोलावता येत नाही. तो घरी आला तर ‘परराज्यातला’ म्हणून बाजूला ठेवू नका.

भारतातल्या कागदांबद्दल मला वारंवार विचारतात. पुण्यातल्या चुलतभावाला इथल्या राज्याचा सबपीना लागू होत नाही. भारतात पुरावा घ्यायचा तर हेगच्या आंतरराष्ट्रीय कराराची वाट आहे, भारत त्यात २००७ साली आला, आणि ती वाट लांबची आहे. पण तुमच्याच नावाचं पुण्यातलं खातं, ज्याचं स्टेटमेंट तुम्ही इथे बसून फोनवर उघडू शकता, ते ‘भारतात आहे’ म्हणून सुटेल असं गृहीत धरू नका. कागद कुठे आहे एवढंच पाहत नाहीत, तो कुणाच्या ताब्यात आहे तेही पाहतात. घटस्फोटाच्या दाव्यांत हा मुद्दा हमखास येतो. अशा वेळी आपल्याकडे भावाला, मेव्हण्याला, मैत्रिणीला सबपीना जातो आणि घरात ‘तू त्यांच्या बाजूनं की आमच्या’ सुरू होतं. सबपीना मिळालेला माणूस कुणाच्या बाजूचा नसतो. त्याला बोलावलं आहे, एवढंच.

एक गोष्ट मात्र मी जिथे जाईन तिथे हात जोडून सांगते: कागद मिळाल्यावर मेसेज पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅप ‘साफ’ करणं, जुना फोन भाच्याला देऊन टाकणं, लॅपटॉप फॉरमॅट करणं, हे निरपराध माणसाला संशयित करून ठेवतं. दादांनी निदान ते केलं नव्हतं.

फसवणूकही खरी आहे, म्हणून ग्रुपवरचे लोक अगदीच बिनबुडाचं घाबरत नाहीत. फोनवरून ‘तुमच्या नावे सबपीना आहे, आत्ता पैसे भरा, गिफ्ट कार्डचे नंबर सांगा, नाहीतर अटक’ असं म्हणणारा चोर असतो. सबपीना आला म्हणून पैसे भरावे लागत नाहीत, उलट साक्षीदाराला भत्ता मिळतो, मग तो २ डॉलर असो की फेडरल कोर्टाचा ४० डॉलर. शंका आली तर कागदावरचा फोन नंबर लावू नका. कोर्टाच्या अधिकृत संकेतस्थळावरून क्लर्कचा नंबर शोधा, प्रकरणाचा क्रमांक सांगा, विचारा. क्लर्क कायद्याचा सल्ला देणार नाही, पण असा सबपीना आमच्याकडून निघाला आहे का, हे सांगू शकतो. वकिलानं काढलेला असेल तर त्या वकिलाचं नाव राज्याच्या वकिलांच्या यादीत आहे का ते पाहता येतं. दहा मिनिटांचं काम आहे.

आता मागणं. तुमच्याकडे माणसं आहेत, सभागृह आहे, वार्तापत्र आहे, ग्रुप आहे. मंडळाच्या ग्रुपवर कोर्टाच्या कागदाचा फोटो आला तर अ‍ॅडमिननं तो काढून टाकावा, कारण त्यात लोकांची नावं-पत्ते असतात, आणि त्याच्याखाली ‘दुर्लक्ष करा’ असं कुणालाही लिहू देऊ नये. एवढा एकच नियम करा. गणपतीत प्रसादाबद्दल, पार्किंगबद्दल आपण नियम करतोच. दुसरं, वार्तापत्रात वर्षातून एकदा एक पान या विषयाला द्या, मराठीत, मोठ्या अक्षरांत. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले असतात आणि दुपारी घरी तेच असतात. दार तेच उघडतात. त्यांना एवढं माहीत असलं तरी पुरे की कागद देणारा माणूस मुलाला पकडायला आलेला नाही, आणि कागद मिळाला तर तो कणकेच्या डब्याखाली न ठेवता त्याच संध्याकाळी मुलाच्या हातात द्यायचा.

तिसरं मागणं जरा मोठं आहे. तुमच्या भागातल्या काउंटी बार असोसिएशनकडे, म्हणजे वकिलांच्या संघटनेकडे, वकील सुचवण्याची सेवा असते, अनेक ठिकाणी पहिली अर्ध्या तासाची भेट कमी पैशांत होते. तो नंबर मंडळाच्या पानावर कायमचा असावा, डॉक्टर आणि पुरोहितांच्या यादीशेजारी. मराठी बोलणारे वकील या देशात आता कमी नाहीत. दर दोन वर्षांनी होणाऱ्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात ते भेटतात, पण आपण त्यांना इमिग्रेशन आणि मृत्युपत्र यांच्यापलीकडे काही विचारत नाही. साक्षीदाराच्या हक्कांवर एक सत्र ठेवा. श्रोते पंचवीसच आले तरी चालेल.

न्यू जर्सीतल्या मंडळांना मी स्वतः यायला तयार आहे. आमच्या फर्ममधल्या वकीलबाईंनीही होकार दिला आहे, म्हणजे ‘मला असा कागद आला तर काय’ या प्रश्नाला उत्तर द्यायला अधिकाराचं माणूस सोबत असेल. मानधन नको. आरती आणि जेवण यांच्यामधला अर्धा तास द्या. तेव्हा आजी-आजोबा खुर्च्यांवर बसलेले असतात आणि मुलं अजून कुरकुरायला लागलेली नसतात. नावं-पत्ते पुसलेले दोन कागद मी आणीन, एक फक्त परराज्याचा आणि एक न्यू जर्सीचा सबपीना पुढे जोडलेला. ते खुर्च्यांमधून फिरवू, प्रत्येकाला हातात घेऊन पाहू दे. ड्रॉवरवाल्या दादांनी सांगितलं आहे, कार्यक्रम ठरला तर आपली हकीकत ते स्वतः उभं राहून सांगतील.

गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका साधारण जुलैत ठरते. त्याआधी कळवाल, ही विनंती.

आपली,
मिरजेच्या नाझरांची मुलगी,
एक पॅरालीगल, न्यू जर्सी